आमची फियाट कुठे गेली?



दिवाळीआधी कपाट आवरताना जुन्या हिशेबाच्या वहीत आमच्या फियाटच्या विम्याचा कागद सापडला. त्यावर गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चासी नंबर, सगळं होतं. यांना दाखवला तर बराच वेळ हातात धरून बसले. म्हणाले, "असेल का गं ती अजून कुठे?" बायपास झाल्यापासून यांनी स्वतःहून काही विचारलं नव्हतं. आणि १९९७ मध्ये गाडी विकायचा आग्रह माझाच होता. बी.कॉम. झालेली ना मी! पेट्रोल आणि दुरुस्तीचा खर्च मांडून दाखवला होता. हे तेव्हा काही बोलले नाहीत.

आपण सगळे जिला फियाट म्हणायचो ती म्हणजे प्रीमियर पद्मिनी. ती बनवणारी कंपनी आपल्याच समाजातल्या माणसाने काढलेली, हे आपल्या नव्या पिढीला माहीत नसतं. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरच्या दिगंबर जैन घरात झाला. जहाजं, विमानांचा कारखाना, वालचंदनगरची साखर आणि मग मोटारी. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन फियाट ११०० आली. १९७०च्या दशकात तिलाच चितोडच्या राणीवरून पद्मिनी नाव मिळालं. शेठजी १९५३ मध्येच गेले. पद्मिनी त्यांनी पाहिली नाही.

त्या काळी परवाना पद्धतीमुळे गाड्या मोजक्याच निघत. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. आमची १९८४ मध्ये यवतमाळला आली. मामंजींनी आधी स्वस्तिक काढलं, मग किल्ली यांच्या हातात दिली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगपाशी. पुढच्या सलग सीटवरही तिघं बसायचो. सासूबाईंना मुक्तागिरीला नेलं ते याच गाडीतून. डिकीत गाळलेल्या पाण्याची कळशी, दशम्यांचा डबा. सूर्यास्ताआधी जेवण व्हायला हवं म्हणून परतवाड्याच्या अलीकडे गाडी थांबवून आम्ही झाडाखाली जेवलो होतो. तिथेच गाडी वळवताना दगड लागून डाव्या मडगार्डला पोचा पडला. तो आम्ही कधी काढला नाही.

तोवर मारुती आली होती. १४ डिसेंबर १९८३ला इंदिराजींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली आणि हळूहळू फियाट जुनाट वाटायला लागली. गंमत बघा, २०२० मध्ये सचिन तेंडुलकरने एका मुलाखतीत सांगितलं की माझी पहिली गाडी, मारुती ८००, मला परत हवी आहे, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. एवढ्या मोठ्या माणसालाही तेच वाटतं!

मोबाइलवर आमचा नंबर टाकून पाहिला, काही आलं नाही. पण विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून मी नाव बदलून घेतलं होतं, त्याच्या प्रती वहीतच होत्या. (तुम्हीही हे करत जा. आरटीओत नाव बदलेपर्यंत गाडीची जबाबदारी आपल्याच माथी राहते.) त्यावरून दारव्ह्याच्या गुरुजींचा पत्ता मिळाला. त्यांनी २००४ मध्ये ती दिग्रसच्या एका किराणा दुकानदाराला दिली होती. आम्ही दोघं दिग्रसला गेलो.

गाडी नव्हती. २०११ मध्ये भंगारात गेली, असं दुकानदाराच्या मुलाने सांगितलं. मुंबईच्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनीही वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, तिथे आमची कुठून राहणार? पण त्याने आतून एक फोटो आणला. झेंडूच्या माळा घातलेली फियाट, शेजारी रडणारी नवरी. त्याची बहीण. "आमच्या घरच्या तीन मुली याच गाडीतून सासरी गेल्या," तो म्हणाला.

यांनी चष्मा पुसून फोटो जवळ धरला. डाव्या मडगार्डवर पोचा होता.

अपरिग्रहावर मी इथे कितीदा लिहिलं आहे. तरी परतताना त्या फोटोची प्रत मागून घेतली. हिशेबाच्या वहीत ठेवली आहे, १९९७ च्या पानावर. हे रोज एकदा काढून बघतात.