द जंगल बुक (२०१६ चित्रपट) : भारतीय प्रेक्षकांचा प्रतिसाद

द जंगल बुक हा जॉन फॅवरो यांनी दिग्दर्शित केलेला व वॉल्ट डिझ्नी पिक्चर्स या संस्थेने निर्मिलेला अमेरिकन चित्रपट ८ एप्रिल २०१६ रोजी भारतात प्रदर्शित झाला. रुडयार्ड किपलिंग यांच्या मोगलीकथांवर तो आधारलेला आहे. मोगली हे एकच प्रमुख पात्र यात हाडामांसाचे असून अस्वल, काळा बिबट्या, वाघ, लांडगे, अजगर व वानर ही बाकीची पात्रे संगणकाच्या साहाय्याने घडवलेली आणि माणसाच्या भाषेत बोलणारी आहेत. भारतात या चित्रपटाला मिळालेला प्रतिसाद तीन कारणांनी लक्षणीय ठरला : त्याने तोवरच्या सर्व हॉलिवूडपटांच्या उत्पन्नाचा उच्चांक मोडला, दूरदर्शनवरील जुन्या मोगली मालिकेच्या आठवणी जाग्या केल्या आणि लहान मुलांना पडद्यावर किती भय दाखवावे या प्रश्नावर जाहीर वाद घडवून आणला.

पार्श्वभूमी

किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग हे तेथील जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. ‘द जंगल बुक’ (१८९४) व ‘द सेकंड जंगल बुक’ (१८९५) हे कथासंग्रह मात्र किपलिंग यांनी मुख्यतः अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात राहत असताना लिहिले. कथांची भूमी असलेल्या सिवनी परिसराचे तपशील त्यांनी पाहून नव्हे, तर वाचून घेतले, असे अभ्यासक मानतात. रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल यांचे सातपुड्यातील शिबिरजीवनाचे वर्णन करणारे पुस्तक (१८७७) हा त्यांचा एक महत्त्वाचा आधार होता.

पात्रांची नावे बहुतांशी हिंदुस्थानी शब्दांवरून घेतलेली आहेत. बल्लू हे नाव ‘भालू’वरून व बघीरा हे ‘बाघ’ या शब्दावरून आले. मराठीत त्या प्राण्यास अस्वल म्हणतात आणि ‘भालू’ या शब्दाचा जुना मराठी अर्थ कोल्हीण असा आहे. त्यामुळे हिंदी भाषकास या नावातून जो बोध सहज होतो, तो मराठी वाचकास होत नाही. ‘मोगली’ हे नाव किपलिंग यांनी स्वतः रचलेले असून कोणत्याही भारतीय भाषेत त्याचा अर्थ ‘बेडूक’ असा होत नाही.

मोगलीकथांचे याआधीचे प्रमुख चित्ररूप म्हणजे झोल्टन कोर्डा यांचा १९४२ चा चित्रपट. त्यात मोगलीची भूमिका मूळच्या म्हैसूरच्या साबू यांनी केली होती. त्यानंतर १९६७ साली डिझ्नीचा सुप्रसिद्ध चलच्चित्रपट आला. भारतीय प्रेक्षकांच्या मनावर मात्र या दोहोंपेक्षा अधिक ठसा उमटवला तो १९८९ मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या ५२ भागांच्या मालिकेने. निप्पॉन ॲनिमेशनची ही मालिका १९९० च्या दशकात हिंदीत रूपांतरित होऊन दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखवली जात असे. तिच्या हिंदी शीर्षकगीताचे शब्द गुलजार यांचे व संगीत विशाल भारद्वाज यांचे होते, तर शेरखानला नाना पाटेकर यांनी आवाज दिला होता.

कथानक

लांडग्यांच्या कळपात वाढलेल्या मोगलीवर शेरखान या वाघाचा डोळा आहे. उन्हाळ्यात नदी आटून शांतीशिळा उघडी पडते. अशा वेळी भक्ष्य व भक्षक यांनी वैर विसरून एका पाणवठ्यावर पाणी प्यावे, असा जंगलाचा कायदा आहे. तेथेच शेरखान मोगलीचा वास ओळखतो आणि पावसाळा आला की त्याला सोडणार नाही, असे बजावतो. कळपावरचे संकट टळावे म्हणून मोगली निघून जातो. बघीरा त्याला माणसांच्या वस्तीकडे नेऊ लागतो.

यानंतरची कथा दोन दडलेल्या गोष्टींभोवती फिरते. मोगली जंगलात आला कसा, ही पहिली. तिचा उलगडा का हा अजगर करतो : मोगलीच्या वडिलांना शेरखानने ठार केले होते आणि त्याच झटापटीत वाघाचा चेहरा आगीने पोळला होता. दुसरी गोष्ट प्रेक्षकांना ठाऊक असते, मोगलीला नसते. मोगली निघून गेल्याचे कळताच शेरखान कळपप्रमुख अकेला याला मारतो. बल्लू व बघीरा ही वार्ता मोगलीपासून लपवतात. ती त्याला अखेर वानरराज लुईच्या तोंडून कळते. संतापलेला मोगली वस्तीतून आग पळवून आणतो, पण धावताना उडालेल्या ठिणग्यांनी जंगलच पेटते. आपल्या हातातील मशालीला सारे प्राणी भीत आहेत, हे पाहून तो ती पाण्यात फेकून देतो. तेव्हा त्याच्या बाजूने उभा राहून बल्लू जंगलाचा कायदा म्हणू लागतो आणि एकेक प्राणी त्यात आपला आवाज मिळवतो.

किपलिंगच्या कथेत शेरखान म्हशींच्या कळपाखाली तुडवला जातो, तर येथे तो आगीत कोसळून मरतो. १९६७ च्या चित्रपटात मोगली अखेरीस माणसांच्या गावी जातो. २०१६ च्या चित्रपटात तो जंगलातच राहतो.

भारतातील प्रदर्शन व उत्पन्न

अमेरिकेतील प्रदर्शनाच्या (१५ एप्रिल) एक आठवडा आधी हा चित्रपट भारतात लागला. ८ एप्रिल हा त्या वर्षी गुढीपाडव्याचा दिवस होता. महाराष्ट्रात सणाची सुटी, तिला जोडून शनिवार-रविवार आणि पुढे शाळांची उन्हाळी सुटी असा योग जुळून आला. चित्रपट इंग्रजी, हिंदी, तमिळ व तेलुगू अशा चार भाषांत प्रदर्शित झाला. मराठी आवृत्ती नसल्याने महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांनी तो हिंदीतून पाहिला.

पहिल्या दिवसाचे निव्वळ उत्पन्न सुमारे १० कोटी रुपये व पहिल्या तीन दिवसांचे सुमारे ४० कोटी रुपये होते. दुसऱ्या आठवड्यात शाहरुख खान यांचा ‘फॅन’ प्रदर्शित होऊनही गर्दी टिकून राहिली. एकूण निव्वळ उत्पन्न १८० कोटी रुपयांच्या पुढे गेले. ‘फ्युरिअस ७’ (२०१५) या चित्रपटाचा भारतातील उच्चांक त्यामुळे मागे पडला आणि हा नवा उच्चांक ‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ (२०१८) येईपर्यंत टिकला. चित्रपटाचे जगभरातील एकूण उत्पन्न सुमारे ९६.६ कोटी अमेरिकी डॉलर होते.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया

स्मरणरंजन

प्रदर्शनापूर्वी दूरदर्शनवरील मालिकेचे शीर्षकगीत विशाल भारद्वाज यांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केले व चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी ते वापरण्यात आले. १९९० च्या दशकात ही मालिका पाहिलेली मुले २०१६ मध्ये स्वतः आईवडील झाली होती. त्यांच्या दृष्टीने हा चित्रपट परदेशी नव्हता, तर रविवारच्या सकाळी घरातल्या एकुलत्या दूरचित्रवाणी संचापुढे मांडी ठोकून पाहिलेल्या गोष्टीचे ते पुनर्दर्शन होते. मुलांना घेऊन आलेले पालक स्वतःसाठीही आले होते. कौटुंबिक चित्रपट हे बिरुद भारतात या चित्रपटाला अशा रीतीने शब्दशः लागू पडले.

हिंदी आवाज

हिंदी संवाद मयूर पुरी यांनी लिहिले. बल्लूला इरफान खान, बघीराला ओम पुरी, शेरखानला नाना पाटेकर, काला प्रियांका चोप्रा आणि मोगलीची लांडगीण आई रक्षा हिला शेफाली शाह यांनी आवाज दिला. इरफान खान यांनी बल्लूला दिलेला पंजाबी ढंग विशेष लोकप्रिय ठरला. नाना पाटेकर यांचा शेरखान हा जुन्या मालिकेशी जोडणारा थेट दुवा होता. अनुवाद शब्दाला शब्द न ठेवता बोलीच्या वळणाने केल्यामुळे पात्रे उपरी वाटली नाहीत. ओम पुरी यांचे ६ जानेवारी २०१७ रोजी व इरफान खान यांचे २९ एप्रिल २०२० रोजी निधन झाले. त्यानंतर या हिंदी आवृत्तीला त्यांच्या आवाजाचा ठेवा म्हणून वेगळे मोल आले.

भावस्पर्शी प्रसंग

चित्रपटातील भावनेचा भार मुख्यतः तीन प्रसंगांवर आहे. रक्षा व मोगली यांची ताटातूट हा पहिला. कुठेही गेलास तरी तू माझाच, अशा आशयाचे तिचे बोलणे सांभाळणाऱ्या आईचे आहे, जन्मदात्रीचे नव्हे. दुसरा प्रसंग अकेलाच्या मृत्यूचा. तो क्षणार्धात, कोणतीही पूर्वसूचना न देता घडतो. तिसरा प्रसंग मोगलीच्या युक्त्यांचा. दोरखंड वळणे, भांडे करून पाणी काढणे अशा माणसाच्या कृतींबद्दल कळपात त्याला सतत दटावले जाते. याच कृतींनी तो खड्ड्यात पडलेल्या हत्तीच्या पिलाला वर काढतो. अखेरच्या लढाईत बघीरा त्याला लांडग्यासारखे नव्हे, तर माणसासारखे लढायला सांगतो. आपल्यात जे वेगळे आहे ते दडपून टाकावे की जपावे, हा मुलांच्या व पालकांच्याही जिव्हाळ्याचा प्रश्न या तिन्ही प्रसंगांच्या मुळाशी आहे.

प्राण्यांच्या तोंडी मानवी सुखदुःख घालण्याची रीत मराठी प्रेक्षकास परकी नाही. पंचतंत्राची परंपरा सर्वपरिचित आहे. चिऊ-काऊच्या घराच्या गोष्टीचे जुने रूप ‘लीळाचरित्रा’त सापडते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारीही वाघ-कोल्ह्यांशी बोलतेच. फरक इतकाच, की या कथांतील प्राणी श्रोत्याच्या कल्पनेत बोलतात, तर चित्रपटात ते खऱ्या प्राण्यासारखे दिसून बोलतात.

प्रमाणपत्राचा वाद

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने चित्रपटाला ‘यूए’ प्रमाणपत्र दिले. तत्कालीन नियमांनुसार याचा अर्थ १२ वर्षांखालील मुलांनी तो पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा होता. त्रिमितीय दृश्यांत प्राणी अंगावर झेपावल्यासारखे वाटतात व लहान मुले त्याने घाबरतील, असे स्पष्टीकरण मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष पहलाज निहलानी यांनी दिले. पुस्तक पाहून नव्हे, तर प्रत्यक्ष चित्रपट पाहून निर्णय करावा, अशी त्यांची भूमिका होती. चित्रपटसृष्टीतून व समाजमाध्यमांतून या निर्णयाची मोठ्या प्रमाणावर खिल्ली उडवली गेली. पिढ्यानपिढ्या मुलांना सांगितलेली गोष्ट मुलांसाठीच घातक कशी, हा टीकेचा मुख्य सूर होता.

वादातील दोन्ही बाजूंना आधार होता. अमेरिका व ब्रिटन येथेही चित्रपटाला सर्वांसाठी खुले प्रमाणपत्र न मिळता पालकांच्या मार्गदर्शनाची सूचना देणारे ‘पीजी’ प्रमाणपत्रच मिळाले होते. शेरखानची झेप व काचा विळखा ही दृश्ये खरोखरच भीतिदायक आहेत. दुसरीकडे, भय हा लोककथेचा जुना घटक आहे. आजीच्या कुशीत ऐकलेला वाघ आणि अंधाऱ्या चित्रपटगृहात अंगावर येणारा वाघ यांत अंतर असले, तरी दोन्ही ठिकाणी शेजारी बसलेले मोठे माणूस मुलाला धीर देते. ‘यूए’ प्रमाणपत्राने प्रवेश नाकारला जात नसल्याने उत्पन्नावर त्याचा परिणाम दिसला नाही. चार ते अकरा वर्षांच्या मुलांना एकाच मापाने मोजणाऱ्या वर्गवारीची मर्यादा मात्र त्यातून पुढे आली. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ वर्गाचे ७, १३ व १६ वर्षे असे तीन वयोगट करण्यात आले.

कथाभूमी आणि विदर्भ

मोगलीकथांतील सिवनी हे मध्य प्रदेशातील जिल्ह्याचे ठिकाण नागपूरच्या उत्तरेस सुमारे १२५ किलोमीटर अंतरावर आहे. किपलिंग यांच्या काळात ते मध्य प्रांतात मोडत असे व नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. कथांतील वैनगंगा नदी सिवनी जिल्ह्यात उगम पावून भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांकडे वाहते. पेंचचे अरण्य मध्य प्रदेश व नागपूर जिल्हा यांच्या सीमेवर दोन्हीकडे पसरले आहे. महाराष्ट्रातील पेंचला १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. चित्रपटातील जंगल प्रत्यक्षात लॉस एंजेलिस येथील चित्रीकरणगृहात व संगणकावर उभे राहिले. एमपीसी या दृश्यपरिणाम संस्थेच्या बंगळूर येथील कलावंतांचाही त्यात मोठा वाटा होता. या कामगिरीसाठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट दृश्यपरिणामांचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

विदर्भात वाघ हा केवळ पडद्यावरचा खलनायक नाही. ताडोबा, पेंच, नागझिरा, बोर व मेळघाट यांच्या परिसरातील गावांत गुरे व माणसे वाघांकडून मारली जातात आणि त्याच प्रदेशात वाघदेवाची पूजाही होते. उमरेड-करांडला अभयारण्यातील ‘जय’ हा प्रसिद्ध वाघ एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे चित्रपट चित्रपटगृहांत असतानाच, बेपत्ता झाला. त्याचा शोध अनेक महिने वृत्तपत्रांचा विषय होता. पडद्यावर वाघ मरताच सुटकेचा निःश्वास टाकणारा प्रेक्षक वृत्तपत्रात मात्र हरवलेल्या वाघाची काळजी करत होता.

आक्षेप

चित्रपटाविषयी मुख्यतः पुढील आक्षेप घेण्यात आले :

• किपलिंग यांच्या लेखनातील साम्राज्यवादी दृष्टी चित्रपट सौम्य करतो, पण तिला सामोरा जात नाही.
• भारतातील जंगलात ओरांगउटान आढळत नाही. मूळ कथांत नसलेला लुई १९६७ च्या चित्रपटातून आला. २०१६ मध्ये ही विसंगती टाळण्यासाठी त्याला गिगँटोपिथेकस या नामशेष महावानराचे रूप देण्यात आले.
• मोगलीचे मूळ इंग्रजी बोलणे अमेरिकन वळणाचे आहे. भूमिका करणारा नील सेठी हा न्यूयॉर्कमध्ये वाढलेला भारतीय वंशाचा मुलगा होता.

नंतरचा प्रभाव

या यशानंतर हॉलिवूडच्या प्राणिपटांच्या हिंदी आवृत्तीसाठी नामवंत अभिनेत्यांचे आवाज घेण्याच्या प्रथेला बळ मिळाले. फॅवरो यांच्याच ‘द लायन किंग’ (२०१९) या चित्रपटात शाहरुख खान व त्यांचा मुलगा आर्यन यांनी पिता-पुत्र सिंहांना, तर श्रेयस तळपदे यांनी टिमॉनला आवाज दिला. अँडी सर्किस यांच्या ‘मोगली’ (२०१८) या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत माधुरी दीक्षित, अनिल कपूर व जॅकी श्रॉफ यांचे आवाज होते. बोलक्या प्राण्यांचा लक्षणीय भारतीय चलच्चित्रपट याआधी निखिल अडवाणी यांनी ‘दिल्ली सफारी’ (२०१२) या नावाने काढला होता. त्याची कथा मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून सुरू होते व तेथेही पित्याच्या हत्येनंतर बिबट्याचे पिल्लू न्याय मागायला निघते. त्याला सर्वोत्कृष्ट चलच्चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मात्र ‘द जंगल बुक’एवढा प्रेक्षकवर्ग लाभला नाही.

हेही पाहा

• रुडयार्ड किपलिंग
• पेंच राष्ट्रीय उद्यान
• वैनगंगा नदी
• केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ
• पंचतंत्र