पाहुण्यांची माती

पश्चिम जर्मनीने ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. आलेल्यांना ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे ‘पाहुणे कामगार’ म्हणत. मुक्काम दोन वर्षांचा ठरला होता; १९६४मध्ये ती अट गेली. १९७३मध्ये भरती थांबली, तेव्हा एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या धास्तीने अनेकांनी बायकामुलांनाच बोलावून घेतले. पाहुणे ‘परदेशी’ झाले, मग ‘तुर्क’. २००० साली नव्या कायद्याने तिथे जन्मलेल्या मुलांना, काही अटींवर, जन्मतःच नागरिकत्व दिले. २००६मध्ये सरकारने ‘जर्मन इस्लाम परिषद’ भरवली. चर्चेत आता ते ‘मुसलमान’ होते. मशिदीची पायरी न चढणारेही त्यातच मोजले गेले.

नावांची ही वंशावळ मांडताना मला वाटे, ओळख दुसरेच ठरवतात. दफनाच्या नियमांनी माझी समजूत बदलली. पहिल्या पिढीतल्या अनेकांचे मृतदेह विमानाने गावी जात. बर्लिनने २०१०मध्ये धार्मिक कारणासाठी शवपेटीशिवाय, नुसत्या कफनात दफनाची मुभा दिली. ही मुभा हवी असणाऱ्यांना मेल्यावरही परतायचे नव्हते. आपली माती कुठे व्हावी, हे त्यांचे त्यांनी ठरवले होते.