पोच्याचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, तह आणि सनावळ्या आठवतात. मोटारीच्या दारावर पडलेल्या पोच्यालाही इतिहास असतो, असे म्हटले तर वाचक हसतील. पण मला गेली काही वर्षे हा विषय सोडवत नाही, आणि त्याचे कारण आपल्या गावातल्या गॅरेजांतच आहे.

पोचा हा शब्द आपल्या घरात मोटारीच्या कितीतरी आधी आला. कळशी विहिरीच्या काठाला आपटली की तिला पोचा पडे. शेजारची कन्नड मावशी त्यालाच 'नेग्गु' म्हणे. तांबट ती कळशी लोखंडी आधारावर चढवी आणि आत गेलेला पत्रा हलक्या हाताने मूळ गोलाईवर आणी. मग मठारकाम. एकाला एक लागून हातोडीचे बारीक ठोके पडत, त्यांनी पत्रा कणखर होई आणि चकाकेही. मुख्य म्हणजे त्यावर रंग चढायचा नसे. तांबटाची चूक झाकायला काहीही नव्हते. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढची सारी गोष्ट झाकण्याची आणि न झाकण्याची आहे.

पहिल्या मोटारी म्हणजे घोड्याविना बग्ग्याच होत्या. सांगाडा लाकडी आणि रंग ब्रशाने दिलेला. वॉर्निशाचे थरावर थर वाळायला आठवडे लागत. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड बड यांच्या कारखान्याने डॉज बंधूंच्या मोटारींसाठी संपूर्ण पोलादी सांगाडे पुरवायला सुरुवात केली, आणि मोटार खऱ्या अर्थाने पत्र्याची झाली. रंगाची अडचण मात्र उरली. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात काळ्याच रंगात मिळे. १९२३ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीचा 'ड्यूको' हा फवाऱ्याने मारायचा, झटपट वाळणारा रंग आला. जनरल मोटर्सने तो आपल्या ओकलंड गाडीवर वापरला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले.

रंगवणे सोपे झाले तशी दुरुस्तीची रीतही बदलली. पोचा काढायचा आणि त्यावर नवा रंग मारायचा, हा शिरस्ता पडला. तरी त्या पिढीच्या डेंटरचा हात पक्का होता. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पत्र्यामागे धरलेला पोलादी ठोकळा, म्हणजे डॉली. फ्रँक सार्जंट या अमेरिकन जाणकाराचे या विद्येवरचे पुस्तक १९३९ साली निघाले. त्यातले मुख्य सूत्र असे, की पोचा ज्या क्रमाने पडला त्याच्या नेमक्या उलट क्रमाने तो काढावा. जिथे मार शेवटी पोचला तिथून सुरुवात करावी आणि जिथे पहिला आघात बसला ती जागा शेवटी घ्यावी. मला हे सूत्र फार आवडते. इतिहास लिहिणाराही शेवटापासून मागेच जात असतो.

पत्रा पूर्ण सरळ होत नसे तिथे शिसे-कथलाचा मिश्रधातू वितळवून भरत. ते काम कष्टाचे, शिवाय विषारी. १९५० च्या दशकात पॉलिएस्टरची पुट्टी आली आणि सगळेच सोपे झाले. पोचा अर्धाकच्चा ओढावा, उरलेला खड्डा पुट्टीने लिंपावा, घासावा, रंग मारावा. गिऱ्हाइकाला वरून काही कळत नाही. पुट्टी वाईट नव्हे. तिने अनेकांचे पोट भरले. पण तिने हाताची गरज कमी केली. जुनी गाडी घ्यायला जाणारा चतुर माणूस खिशात लोहचुंबक घेऊन जाई, कारण पुट्टीच्या जाड थरावर चुंबक चिकटत नाही. अविश्वासाचे इतके साधे यंत्र मी दुसरे पाहिलेले नाही.

आपल्याकडे ही विद्या अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या पत्र्यावर वाढली. अँबॅसडरचा पत्रा जाड, गाडी एक टनाहून जड. ठोकणाराला वाव भरपूर. माझ्या तरुणपणी पाहिलेल्या गॅरेजात उस्तादाची दखनी, पोरांची मराठी आणि मालकाची कन्नड एकाच बॉनेटभोवती चाले. भाषेवरून बाहेर जे काही होत असेल ते असो, पोच्याच्या बाबतीत तिघांचे एकमत असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. साडेसहाशे किलोच्या आसपासची ही हलकी गाडी जुन्या उस्तादांना 'डबा' वाटली. जड हातोडीखाली पातळ पत्रा ताणला जाई, आणि ताणलेला पत्रा पुन्हा बसवणे महाकठीण. मग पुट्टीचा डबा आणखी लवकर उघडे.

आता या गोष्टीचे वळण. रंग न मारता पोचा काढण्याची जी पद्धत आज शहरोशहरी दिसते, तिचा उगम मोटार कारखान्यांशी जोडला जातो. १९६० साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मर्सिडीझचे कारागीर ऑस्कर फ्लाइग यांनी लोकांच्या हाताळण्याने पडलेले पोचे आतून दाबून काढले आणि रंग मारण्याची गरजच उरली नाही, अशी कथा या धंद्यातले लोक सांगतात. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी गाभा पटण्यासारखा आहे. रंगवून तयार झालेल्या गाडीला बारीक टोला बसला, तर ती पुन्हा रंगवण्यापेक्षा पत्राच जागेवर आणणे कारखान्याला परवडते.

हे शक्य झाले ते रंगातल्या बदलामुळे. जुना ड्यूको ठिसूळ होता, पत्रा हलला की तडकायचा. पुढे भट्टीत सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजलेले लवचिक रंग आले. ते पत्र्याबरोबर वाकतात आणि परतही येतात. तयार गाडीत रबर आणि प्लॅस्टिक असल्याने गॅरेजात तेवढी उष्णता देता येत नाही. म्हणून कारखान्याचा मूळ रंग जपण्याला मोल आले. १२ जुलै १९८४ रोजी जर्मनीतल्या म्युनिकवर गारांचा असा मारा झाला, की सुमारे २ लाख मोटारींचे नुकसान झाले. गारेने टपावर शेकडो पोचे पडतात, पण रंग बहुधा शाबूत राहतो. अशा कामासाठी ही पद्धत जणू बेतलेलीच. त्याच दशकात युरोप-अमेरिकेत तिचा स्वतंत्र धंदा झाला.

कारागीर दाराच्या फटीतून किंवा आतले अस्तर काढून लांब पोलादी सळई आत घालतो. बाहेर दिव्याची पट्टी लावतो आणि पत्र्यावर पडलेले तिचे प्रतिबिंब पाहतो. रेघ वाकली तिथे पोचा. काठापासून मध्याकडे, एका वेळी केसभर, असे शेकडो दाब द्यायचे. कुठे पत्रा वर आला तर नायलॉनच्या दांडीने हलकेच बसवायचा. मागून हात पोचत नसेल तर गोंदाने चकती चिकटवून बाहेरून ओढायचे. रंग तडकला असेल, पत्र्याला तीक्ष्ण घडी पडली असेल किंवा आधीची पुट्टी असेल, तर ही विद्या हात टेकते. यमनापूरच्या कारखान्यामुळे आम्हा बेळगावकरांच्या परिचयाचा झालेला अ‍ॅल्युमिनियम तर आणखी हट्टी. पोलादासारखा तो मूळ आकाराकडे ओढ घेत नाही.

वाचकांच्या लक्षात आले असेल, की हे तांबटाचेच काम आहे. मागे आधाराऐवजी सळई आहे, एवढाच फरक. उजेडात पाहणे तेच, बारीक दाबांची ओळ तीच, आणि झाकायला काही नसणेही तेच. पुट्टीने जो हात निरुपयोगी ठरवला, त्याच हाताची गरज मूळ रंगाच्या आग्रहाने परत आणली.

दुःख एवढेच, की ही नवी विद्या शिकवताना तिची ओळख परदेशी म्हणून करून दिली जाते, आणि ज्या उस्तादांच्या बोटांत तिचे अर्धे मर्म होते ते एकेक करून निवृत्त होत आहेत. त्यांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांची मुले हे काम करत नाहीत आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. पण आपल्या भागाचा इतिहास लिहिताना भाषेच्या वादांना जितकी पाने देतो, त्यातले एखादे पान या गॅरेजांना द्यावे. तिथले शब्द, मग ते मराठी असोत, कन्नड वा दखनी, आणि तिथली रीत कुणीतरी उस्तादाशेजारी बसून टिपून घ्यावी. हे काम अजून होण्यासारखे आहे. आणखी दहा वर्षांनी ते होणार नाही.