मोठमोठ्या कलाकारांशी अरे-तुरेत बोलून जपानमध्ये फेमस झालेली रोला

टीव्हीवर समोर साठीतला नावाजलेला कलाकार बसलाय आणि विशीतली पोरगी त्याच्याशी थेट अरे-तुरेत बोलतेय. आपल्याकडे असं झालं, तर दुपारपर्यंत क्लिप व्हायरल आणि संध्याकाळी माफीनामा!

जपानमध्ये तर मान देऊन बोलण्याची वेगळी भाषाच आहे. तिला 'केइगो' म्हणतात. आपलं तू, तुम्ही, आपण यावर भागतं. तिथे क्रियापदच बदलतं. साधं खाणं म्हणजे 'ताबेरु', मानाच्या माणसाचं खाणं 'मेशिआगारु' आणि स्वतःबद्दल नम्रपणे बोलायचं तर 'इतादाकु'.

हे सगळं गुंडाळून ठेवणारी मुलगी म्हणजे रोला.

तिचा जन्म 1990 चा, टोकियोतला. वडील बांगलादेशी, आई जपानी आणि आईकडून थोडं रशियन रक्त. लहानपणीची काही वर्षं बांगलादेशात गेली. पुढे शाळेत असताना टोकियोच्या शिबुया भागात एका एजंटच्या नजरेस पडली आणि मॉडेलिंग सुरू झालं. 'विवी' या फॅशन मासिकातून चेहरा ओळखीचा झाला.

पण घराघरात पोहोचली ती 2010 नंतर, टीव्हीवरच्या व्हरायटी शोमुळे. गाल फुगवायचे, जीभ बाहेर काढायची, बोटांनी ओकेची खूण करायची आणि कुणालाही अहो-जाहो करायचं नाही. लोकांना ते गोड वाटलं. जाहिरातींची रांग लागली. 2016 च्या 'रेसिडेंट इव्हिल : द फायनल चॅप्टर' या हॉलिवूडपटातही ती दिसली.

आता प्रश्न असा की, हे तिलाच कसं चाललं?

जपानमध्ये आई-वडिलांपैकी एक परदेशी असलेल्यांना 'हाफू' म्हणतात, इंग्रजीतल्या 'हाफ'वरून. जन्म इथलाच असला तरी त्यांच्याकडे अर्धं बाहेरचं म्हणून पाहिलं जातं. त्यामुळे 'तिला आपल्या रीती कुठून कळणार' अशी सूट मिळते. टीव्हीवाल्यांना हे सोयीचंच. पण ही सूट म्हणजे 'तू आमच्यातली नाहीस' हे गोड शब्दांत सांगणंही असतं. 2016 मध्ये मिस वर्ल्ड जपान झालेल्या प्रियांका योशिकावाचे वडील भारतीय, बंगाली. 'विजेती अस्सल जपानी हवी होती' हे तिला जिंकल्यावर ऐकावं लागलं.

रोलाच्या सुटीची हद्द दिसली डिसेंबर 2018 मध्ये. ओकिनावातल्या हेनोको इथे अमेरिकी तळासाठी समुद्रात भराव टाकणं सुरू झालं होतं. सार्वमत होईपर्यंत ते थांबवा, अशी व्हाइट हाउसकडे ऑनलाइन याचिका होती. तिच्यावर सही करा, असं रोलाने इन्स्टाग्रामवर लिहिलं. पोस्ट अगदी साधी, पण गदारोळ झाला. कलाकारांनी राजकारणात पडू नये, जाहिराती जातील, असं टीव्हीवर बोललं गेलं. काहींनी तिची बाजूही घेतली.

याचिकेवर 2 लाखांहून जास्त सह्या झाल्या. फेब्रुवारी 2019 च्या सार्वमतात ओकिनावातल्या सुमारे 72 टक्के मतदारांनी भरावाविरुद्ध कौल दिला. काम मात्र थांबलं नाही.

रोला तोवर बराच काळ लॉस एंजेलिसमध्ये राहू लागली होती. 2020 मध्ये तिने पर्यावरणाचा विचार करणारा 'स्टुडिओ आर330' हा स्वतःचा ब्रँड काढला.