यूथा जॉइस : हास्यामागची शोकांतिका

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा सुवर्णकाळ म्हणून विसाव्या शतकातील सत्तरच्या दशकाकडे पाहिले जाते. या काळाने अनेक कलावंतांना घराघरांत पोहोचवले. मात्र त्यांपैकी काहींची ओळख एकाच व्यक्तिरेखेत कायमची बंदिस्त झाली. यूथा जॉइस हे त्यातील ठळक उदाहरण. आपल्याकडे हे नाव फारसे परिचित नाही. ब्रिटनमध्येही अनेकांच्या स्मरणात आहे ती त्यांनी रंगवलेली 'मिल्ड्रेड'!

यूथा जॉइस नीडहॅम यांचा जन्म २० ऑगस्ट १९२७ रोजी लंडनमधील वाँड्सवर्थ येथे झाला. वडील गायक, आई पियानोवादक. त्यामुळे रंगमंचाचे वातावरण घरातच होते. 'रॉयल अकॅडमी ऑफ ड्रमॅटिक आर्ट' या संस्थेत त्यांनी अभिनयाचे शिक्षण घेतले. पुढे जेम्स बाँड म्हणून गाजलेले रॉजर मूर हे तेथे त्यांचे सहाध्यायी होते.

त्यांच्या अभिनयाची खरी जडणघडण झाली ती जोन लिटलवूड यांच्या 'थिएटर वर्कशॉप' या नाट्यसंस्थेत. पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्डच्या 'थिएटर रॉयल'मध्ये ही संस्था श्रमिकांच्या जीवनाशी नाते सांगणारी नाटके सादर करीत असे. १९५६ मध्ये त्यांनी अभिनेते ग्लिन एडवर्ड्स यांच्याशी विवाह केला. १९६८ मध्ये दोघे विभक्त झाले.

चित्रपटांत त्यांच्या वाट्याला बहुधा छोट्या भूमिका आल्या. मात्र त्या छोट्या भूमिकांतही त्यांची ताकद दिसून येई. जॅक क्लेटन दिग्दर्शित 'द पम्पकिन ईटर' (१९६४) या चित्रपटात केशभूषा केंद्रात नायिकेला गाठणाऱ्या अस्वस्थ स्त्रीचा त्यांचा प्रसंग आजही अंगावर येतो. अशी गंभीर भूमिका समर्थपणे पेलणारी अभिनेत्री पुढे विनोदासाठी ओळखली गेली, हा दैवदुर्विलासच म्हणायला हवा.

१९७३ मध्ये थेम्स टेलिव्हिजनची 'मॅन अबाउट द हाऊस' ही मालिका सुरू झाली. दोन तरुणी आणि एक तरुण एकाच घरात भाड्याने राहतात, ही त्या काळी धाडसी वाटणारी कल्पना. त्यांचे घरमालक म्हणजे जॉर्ज व मिल्ड्रेड रोपर. आळशी, अंगचोर नवरा आणि प्रेमाच्या दोन शब्दांसाठी आसुसलेली, पण टोमणे मारण्यात तरबेज असलेली बायको, ही जोडी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. ब्रायन मर्फी हे त्यांचे सहकलाकारही 'थिएटर वर्कशॉप'च्याच मुशीतून घडलेले होते. १९७६ मध्ये मूळ मालिका संपताच या दाम्पत्यासाठी 'जॉर्ज अँड मिल्ड्रेड' ही स्वतंत्र मालिका निघाली. ती १९७९ पर्यंत चालली. अमेरिकेतही दोन्ही मालिकांच्या 'थ्रीज कंपनी' आणि 'द रोपर्स' या आवृत्त्या निघाल्या.

या यशाची किंमत मात्र मोठी होती. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण त्यांना 'मिल्ड्रेड' म्हणूनच ओळखे. वेगळ्या भूमिकांचे दरवाजे बंद होत गेले. पडद्यावर सर्वांना हसवणारी ही अभिनेत्री एकाकीपणात मद्याच्या आहारी गेली होती. २४ ऑगस्ट १९८० रोजी, त्रेपन्नाव्या वाढदिवसानंतर अवघ्या चार दिवसांनी, यकृत निकामी होऊन त्यांचे निधन झाले. ब्रायन मर्फी अखेरच्या क्षणी त्यांच्याजवळ होते. सुमारे दहा वर्षे त्या रोज अर्धी बाटली ब्रँडी घेत असल्याचे मृत्यूनंतरच्या चौकशीत उघड झाले, तेव्हा चाहत्यांना धक्काच बसला.

मॅक्स बायग्रेव्हज यांच्या कार्यक्रमासाठी त्यांनी गायिलेले गीत त्यांच्या मृत्यूनंतर, १९८१ च्या जानेवारीत प्रसारित झाले. १९८६ मध्ये 'द स्मिथ्स' या गाजलेल्या वाद्यवृंदाने आपल्या 'आस्क' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्यांचे छायाचित्र छापले. मर्फी यांचे २०२५ मध्ये निधन झाले आणि ही जोडी काळाच्या पडद्याआड गेली. मिल्ड्रेडच्या फटकाऱ्यांवर प्रेक्षक पोट धरून हसले. त्या फटकाऱ्यांमागची व्याकुळता मात्र फार थोड्यांना जाणवली. यूथा जॉइस यांच्या अभिनयाचे खरे मोल त्या व्याकुळतेतच आहे.