अल्सरचा दोष कुणाचा?

1984 च्या जून महिन्यात लंडनमधून निघणाऱ्या दोन वैद्यकीय साप्ताहिकांत अल्सरविषयी दोन लेख छापून आले. ‘लॅन्सेट’मधला लेख ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांचा होता. त्यांचे म्हणणे असे की, अल्सरच्या रुग्णांच्या जठरात एक वळणदार जंतू जवळजवळ हटकून सापडतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधला लेख दिल्लीच्या डॉक्टरांचा, जेमतेम दोन पानांचा. त्यांनी अल्सरचे 50 रुग्ण घेतले, सगळ्यांना आम्ल मारणारे औषध दिले आणि निम्म्यांना जेवणातून रोज 3 ग्रॅम लाल तिखटही दिले. चार आठवड्यांनी दुर्बिणीने पाहिले, तर व्रण भरण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

पहिल्या लेखाच्या लेखकांना 2005 साली नोबेल मिळाले. दुसरा लेख आपल्या देशातला, आपल्या ताटातल्या पदार्थाविषयीचा. तो आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? ‘अल्सर झालाय, मिसळ बंद’ हे वाक्य आजही लग्नाच्या पंगतीत ऐकू येते. तिखटाने जळजळ वाढते, हे खरेच आहे. पण जळजळ होणे वेगळे आणि व्रण पडणे वेगळे.

मी डॉक्टर नाही. जुनी घरगुती औषधांची पुस्तके जमवता जमवता या विषयात शिरलो. त्या पुस्तकांत पोटदुखीची कारणे बहुधा माणसाच्या वागण्यात शोधलेली असतात : अवेळी जेवण, जागरण, चहा, तंबाखू, संताप. वर्णन मात्र आपल्याकडे फार जुने आहे. ‘माधवनिदान’ या ग्रंथात आम्लपित्तावर स्वतंत्र अध्याय आहे. शिवाय अन्न पचत असताना उठणाऱ्या कळेला ‘परिणामशूल’ असे वेगळे नाव दिले आहे. जेवणाच्या वेळेशी दुखण्याचा संबंध लावणारी ही नजर पक्की होती. पुढे पित्त हा शब्द वैद्यांच्या पोथीतून घरात आला आणि स्वभावालाही चिकटला. ‘पित्त खवळले’ म्हणजे पोट बिघडले की डोके, हे संदर्भावरून ठरवायचे.

युरोप-अमेरिकेतही निराळे काही चालले नव्हते. 1910 साली झाग्रेबच्या कार्ल श्वार्ट्झने ‘आम्ल नाही, तर अल्सर नाही’ असे सूत्र मांडले. 1915 पासून शिकागोच्या बर्ट्रम सिपीचा आहार गाजला : तासातासाला दूध आणि साय, मध्ये अल्कलीची पूड. नंतर मनोविश्लेषणवाले आले आणि त्यांनी अल्सर हा दबलेल्या मनाचा आजार ठरवला. आपल्याकडे 1964 साली पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून दाखवले की, हा आजार उत्तरेपेक्षा भात खाणाऱ्या दक्षिणेत कितीतरी जास्त आहे. त्यांनी कारण चावण्यात आणि लाळेत शोधले. नोंद मोलाची, पण बोट पुन्हा खाणाऱ्याच्या सवयीकडेच.

हे सगळे माझ्या घरात जगून झाले आहे. वडील बसकंडक्टर होते. रात्री दोनच्या सुमाराला पोट धरून उठायचे, थंड दूध प्यायचे, भिंतीला टेकून बसायचे. गावातल्या डॉक्टरांनी राग सोडा, तिखट सोडा, असे सांगितले. आई त्यांची आमटी वेगळी करायची. 1981 साली ऑपरेशन झाले. जठराला आम्ल तयार करण्याचा निरोप पोचवणारी नस कापली. त्या काळी ही शस्त्रक्रिया सर्रास व्हायची. कळा थांबल्या. पण आपल्या तापटपणाची ही शिक्षा होती, असेच ते शेवटपर्यंत मानत राहिले, आणि आम्हीही त्यांना तसेच ऐकवत आलो. रोगाचे चुकीचे कारण सांगितले की, औषध चुकते एवढेच नव्हे. माणूस स्वतःच्या नजरेतून उतरतो.

वॉरन हे पर्थच्या रुग्णालयात पेशी तपासणारे डॉक्टर. 11 जून 1979 रोजी, स्वतःच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, त्यांना जठराच्या एका तुकड्यावर जंतूंची निळी रांग दिसली. आम्लात जंतू जगत नाहीत, असे तेव्हा शिकवले जाई. 1954 साली अमेरिकेत हजारावर नमुने तपासून एडी पामर यांनी तसा जणू निकालच दिला होता. त्यांनी वापरलेल्या रंगात हा जंतू नीट दिसत नाही, ही गोष्ट अलाहिदा. 1981 मध्ये तरुण मार्शल वॉरनना येऊन मिळाले. आता प्रयोगशाळेत जंतू वाढवून दाखवणे भाग होते. तिशीच्या वर नमुने वाया गेले, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की ताटल्या फेकून देण्याचा रिवाज होता. 1982 च्या ईस्टरची सुट्टी आली, ताटल्या उबेच्या कपाटात पाच-सहा दिवस तशाच राहिल्या आणि वसाहती उगवल्या. हा जंतू सावकाश वाढणारा निघाला. तो युरियापासून अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आडोशाने आम्लात तग धरतो. लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण असलेले 13 रुग्ण त्या अभ्यासात होते. तेराही जणांत तो सापडला.

तरीही कुणी मानेना. तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी जंतूंचे मिश्रण स्वतःच पिऊन टाकले, तेही पत्नीला न सांगता. आठवडाभरात उलट्या सुरू झाल्या; दहाव्या दिवशी दुर्बिणीतून जठराचा दाह आणि जंतू दोन्ही दिसले. या प्रयोगाचीच कहाणी फार सांगितली जाते. मला मात्र ग्रीसमधल्या मिसोलोंगी गावचे डॉक्टर जॉन लिकुडिस जवळचे वाटतात. ते 1958 पासून अल्सरवर प्रतिजैविके देत होते. त्यांचा लेख अमेरिकेतल्या नियतकालिकाने परत पाठवला आणि 1968 साली त्यांना 4000 ड्राक्मांचा दंड झाला. 1980 साली ते वारले. पर्थची बातमी ऐकायला ते उरले नव्हते.

मान्यता 1994 मध्ये मिळाली, पण लोकांपर्यंत काही गेले नाही. अमेरिकेत 1995 च्या सुमाराला अल्सरच्या दहातल्या जवळजवळ नऊ रुग्णांना जंतूची गोष्ट माहीतच नव्हती, आणि प्रतिजैविके मिळत होती शंभरात पाच जणांना. म्हणून 1997 मध्ये तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने देशभर प्रचारमोहीम काढली. आम्ल दाबणारी औषधे तोवर अफाट खपत होती. ती थांबवली की व्रण परत, आणि गिऱ्हाईकही परत. (सगळेच अल्सर जंतूचे नव्हेत, हेही इथे सांगायला हवे. सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या हे दुसरे मोठे कारण आहे.)

आपल्याकडची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. मुंबईतून 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाच ते नऊ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात या जंतूच्या खुणा होत्या. दहा ते एकोणीस वयात हे प्रमाण 87 टक्क्यांवर गेले. म्हणजे हा पाहुणा लहानपणीच घरात येतो, बहुधा घरच्याच माणसाकडून, आणि बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाही. उष्ट्या-खरकट्याचे इतके विधिनिषेध पाळणाऱ्या आपल्या समाजात आईचे उष्टे कधी उष्टे मानले गेले नाही. घास चावून मऊ करून बाळाच्या तोंडी घालणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. त्यात मला दोष दिसत नाही. जपानमध्ये 1950 पूर्वी जन्मलेल्यांत सत्तर-ऐंशी टक्के लोकांना हा संसर्ग होता, नंतरच्या पिढ्यांत तो झपाट्याने ओसरला. नळाचे शुद्ध पाणी आले, संडास आले, एका अंथरुणात झोपणारी भावंडे कमी झाली. यातले काहीही अल्सर टाळायचा म्हणून केलेले नव्हते.

नाते तर हजारो वर्षांचे आहे. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पोटातही हाच जंतू निघाला, आणि त्याचे जवळचे भाऊबंद आज भारतात आढळतात.

मला काळजी वाटते ती मिरचीची नाही, मेट्रोनिडॅझोलची. या जंतूवर दोन-तीन प्रतिजैविके एकदम, बहुधा चौदा दिवस घ्यावी लागतात आणि मेट्रोनिडॅझोल हे त्यांतले एक जुने हत्यार. जुलाब लागले की आपल्याकडे सर्वांत आधी आठवते ती हीच गोळी. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक केंद्रांच्या पाहणीत सुमारे 78 टक्के नमुन्यांतले जंतू तिला दाद देत नव्हते. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर दोरीने बांधलेली कात्री आहे. कुणी पोट धरून आले की चिठ्ठी मागितली जात नाही, ‘किती देऊ?’ एवढेच विचारतात, आणि पाकिटातून चार गोळ्या कापून देतात. दोन घेतल्या की जुलाब थांबतात. उरलेल्या दोन देवघराशेजारच्या डब्यात, पुढच्या वेळेसाठी.