पाटी नसलेला दरवाजा

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये, ८६ बेडफर्ड स्ट्रीटवर, 'चमलीज' नावाचा बार होता. १९२०च्या दशकात लेलंड चमली नावाच्या माणसाने एका जुन्या लोहारशाळेच्या जागेत तो सुरू केला. बाहेर पाटी नव्हती. मागच्या अंगणातून गुपचूप दुसऱ्या रस्त्यावर निघता यायचं. यात हौसेचा भाग नव्हता, देशात दारूबंदी होती. १९३३ साली बंदी उठली. दोन वर्षांनी चमली वारला, त्याची बायको हेन्रिएटा गल्ल्यावर बसू लागली. लेखक मंडळी येत राहिली, त्यांच्या पुस्तकांची वेष्टणं भिंतीवर लागत गेली. पाटी मात्र कधीच लागली नाही.

मला या गोष्टीत नेमकं हेच अडकवून ठेवतं. पोलिसांची भीती गेल्यावरही दार लपलेलंच का राहिलं?

थोडं मागे जाऊ. जानेवारी १९२०पासून अमेरिकेत दारू बनवणं, विकणं आणि वाहून नेणं बेकायदा झालं. गंमत म्हणजे पिण्यावर बंदी नव्हती! मग गल्लोगल्ली चोरटे बार निघाले. त्यांना 'स्पीकईझी' म्हणत, म्हणजे 'हळू बोला'. दाराच्या झरोक्यातून कुणीतरी बघणार, ओळखीचं नाव सांगितलं तर आत घेणार. 'ट्वेंटीवन' क्लबमधला दारूसाठा तळघरात, भिंतीसारख्याच दिसणाऱ्या दाराआड होता. ठरावीक फटीत सळई घातली की ते दार उघडे. जुन्या सलूनमध्ये बायकांना सहसा मज्जाव असे, स्पीकईझीत त्या पुरुषांच्या बरोबरीने बसू लागल्या.

आज रील्समध्ये दिसतो तो एवढाच भाग: जॅझ, मंद दिवे, कॉकटेल. पण त्या काळी कारखान्यांसाठीचं अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून सरकारी नियमानेच त्यात विष मिसळलं जाई. तेच चोरून, अर्धवट शुद्ध करून बाजारात येई. माणसं मरत होती. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी यावर उघड टीका केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: श्रीमंताला चांगली दारू मिळते, मरतो तो गरीब.

इथे मुंबई आठवतेच. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि पिण्यासाठीही परमिट लागू लागलं. तब्येतीचं कारण दाखवून परमिट काढणं ज्यांना जमलं, त्यांनी काढलं. बाकीचे 'आंटी'कडे गेले. धोबी तलाव, माहीम, वांद्रे अशा भागांत अनेक ख्रिश्चन बायका राहत्या घरातच हा धंदा करायच्या, म्हणून ते नाव. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, देशी दारू, सोबत चणे नाहीतर उकडलेलं अंडं. माझे आजोबा गिरणीत होते. ते सांगायचे, "आंटीकडे उधारी चालायची, पण जास्त झाली की तीच घरी हाकलायची." दार नुसतं लपलेलं नव्हतं, दारामागे तुम्हाला ओळखणारी बाई होती. धाड पडली की गिऱ्हाईक मागच्या दाराने पळे. तिला पळता येत नसे, कारण ते तिचं घर होतं.

बंदी मागणाऱ्या बायकांचं दुःखही तितकंच खरं होतं. पगाराच्या दिवशी नवरा रिकाम्या हाताने येणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण बंदीने गुत्ता गेला नाही, फक्त अंधारात गेला. अंधारातल्या मालाची तपासणी कोण करणार? २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली, ती बहुतेक हातावर पोट असलेलीच.

मग आजच्या स्पीकईझीत काय आहे? १९९९च्या अखेरीस साशा पेट्रास्केने मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये 'मिल्क अँड हनी' उघडला. पाटी नाही, आधी फोन करूनच यायचं. या वेळी दार लपवलं ते शेजाऱ्यांसाठी, रहिवासी वस्तीत गर्दी-गोंगाट नको म्हणून. त्याच्या नियमांत एक असा होता: ज्याला तुम्ही स्वतःच्या घरात एकटं सोडणार नाही, त्याला इथे आणू नका. पुरुषांनी आपणहून अनोळखी बायकांशी ओळख काढायची नाही, हा दुसरा.

जर्सी सिटीत प्रोजेक्टवर असताना मी 'प्लीज डोन्ट टेल'लाही गेलो. २००७चा हा बार हॉटडॉगच्या दुकानातल्या टेलिफोन बूथमधून उघडतो. बूथमध्ये शिरून रिसीव्हर उचलताना मी लहान मुलासारखा खूश झालो होतो. पण आमच्या धंद्यात नुसतं लपवण्याला कुणी सिक्युरिटी म्हणत नाही. ते दार गुगल मॅपवर आहे, रेटिंगसकट.

तरीही लोक जातात, कारण नव्या शहरात आपल्याला कुणीतरी 'चल, तुला एक जागा दाखवतो' म्हणावं असं वाटतं. चमलीजला पाटी लागली नाही, त्याचं उत्तर मला यात दिसतं. पाटी नसली की रस्ता माणसालाच विचारावा लागतो.

महाराष्ट्रात आजही कायद्याने प्यायला परमिट लागतं, आणि कोपऱ्यावरच्या बारवर ठळक पाटी असते: परमिट रूम. लपलेलं दार मात्र आता महागड्या बारमध्ये सजावट म्हणून परत आलंय. त्याच्याआड बसणाऱ्याला धाडीची भीती नाही. ती सगळी आंटीने सोसली, आणि तिच्या नावाचीही पाटी कुठे नाही.